घराची पूर्ण किंमत पाटीवर का नको?

पळस्पे फाट्यावरून मुंबई-गोवा महामार्गाला लागलं की पाट्या सुरू होतात. वडखळ, माणगाव, खेड, चिपळूण, हातखंबा, कणकवली, कुडाळ. 'निसर्गाच्या कुशीत वन बीएचके २२ लाखांपासून.' 'समुद्रापासून दहा मिनिटं, गुंठा दोन लाखांपासून.' आकडे जागेप्रमाणे बदलतात, शेवटचा शब्द बदलत नाही. रस्ता वर्षानुवर्षं अर्धवट, पाट्या मात्र वेळेत पूर्ण.

या पाटीवरची किंमत सहसा सपशेल खोटी नसते, आणि गोम तिथेच आहे. त्या किमतीत एखादा फ्लॅट कागदावर असतो. जिन्यामागचा, तळमजल्यावरचा, पश्चिमेची झड थेट आत येणारा. तो 'कालच गेला' असं सांगण्यात येतं, किंवा तो दाखवून तुमचं मन वळवायचं असतं वरच्या मजल्याकडे. माझं म्हणणं सरळ आहे: ज्या किमतीत आज, या क्षणी, अमुक क्रमांकाचं घर विकत मिळत नाही, ती किंमत जाहिरातीत छापायला बंदी हवी. आणि जी छापायची ती चावी हातात पडेपर्यंतची सगळी हवी. ही मागणी क्रांतिकारक वगैरे नाही. बिस्किटाच्या पाच रुपयांच्या पुड्यावर सगळ्या करांसह कमाल किंमत छापायची सक्ती आपण केव्हाच केली आहे. आयुष्यात एकदाच होणाऱ्या खरेदीला ती नाही.

२२ लाखांचं पुढे काय होतं ते कोकणात फ्लॅट घेतलेल्या कुणालाही विचारा. फ्लोअर राइज, म्हणजे मजल्यागणिक वाढणारा दर. पार्किंग. वीजजोडणी आणि ट्रान्सफॉर्मरचे पैसे, सोसायटी स्थापनेचे पैसे, 'लीगल', दोन वर्षांचा मेंटेनन्स आगाऊ. बांधकाम चालू असेल तर जीएसटी: ४५ लाखांपर्यंतचं, महानगरांबाहेर ९० चौरस मीटर कार्पेटपर्यंतचं घर असेल तर १ टक्का, एरवी ५ टक्के. मग मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी. यातले सरकारी पैसे बिल्डरच्या खिशात जात नाहीत हे खरं, पण ते किती होणार हे त्याला पहिल्या दिवशी माहीत असतं आणि गिऱ्हाइकाला शेवटच्या दिवशी कळतं. पार्किंगचं तर नवल वाटावं असं आहे. उघडी आणि स्टिल्टखालची, म्हणजे इमारतीच्या खांबांमधली, पार्किंगची जागा बिल्डरला वेगळी विकता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० सालीच सांगितलं. तरी 'पार्किंग एक्स्ट्रा' हे दोन शब्द दरपत्रकातून हललेले नाहीत.

कुणी म्हणेल, दोन-तीन लाख इकडेतिकडे झाले तर एवढं काय? घर घ्यायचं म्हणजे होतंच. हे ज्याच्याकडे पैसे आहेत त्याचं बोलणं. पगारदार माणसाचा हिशेब वेगळा असतो. समजा करारातली किंमत ३० लाख आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जात बँक घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ९० टक्के देऊ शकते, म्हणजे २७ लाख. मुद्रांक आणि नोंदणीचा खर्च बँक त्या किमतीत सहसा धरत नाही. रत्नागिरीच्या एखाद्या शिक्षिकेने किंवा सिव्हिलमधल्या नर्सने उरलेले तीन लाख पाच-सहा वर्षं पैसा पैसा साठवून जमवलेले असतात. आता करारानंतर वरच्या खर्चाचे आणखी तीन लाख निघाले. घराची किंमत १० टक्क्यांनी वाढली, पण तिला स्वतःच्या पदरचे द्यायचे होते ते दुप्पट झाले. हे वाढीव तीन लाख बँक देत नाही. ते पतसंस्थेकडून चढ्या व्याजाने येतात, मंगळसूत्र गहाण टाकून येतात, नाहीतर वडिलांच्या काजूच्या बागेवर डोळा जातो. म्हणूनच या लपवाछपवीचा मार सगळ्यांना सारखा बसत नाही. ज्याची उडी मुळातच तोकडी, त्याचाच पाय घसरतो.

यात कोकणाची म्हणून एक वेगळी अडचण आहे: अंतर. घेणारा पुष्कळदा चाकरमानी असतो. डोंबिवली, विरार, लालबागमधून निवृत्तीचे पैसे घेऊन गावाकडे परतू पाहणारा. पाटीवरची, नाहीतर मोबाइलवरची किंमत बघून तो रात्रीची गाडी पकडतो, सुट्टी टाकतो, बायको-मुलांना सोबत आणतो. बिल्डरच 'साइट व्हिजिट'ची बस सोडतो तेव्हा तर जेवणही फुकट असतं, आणि परतीच्या आधी तंबूत टेबल मांडलेलं असतं. 'आज टोकन दिलंत तर हाच रेट, उद्याचं सांगता येत नाही.' चारशे किलोमीटर आलेला माणूस रिकाम्या हाताने परत जायला नाखूश असतो, हे टेबलामागच्या पोराला पक्कं ठाऊक असतं. कमी किमतीचा उपयोग इतकाच: माणसाला घरातून बाहेर काढायचं. एकदा तो आला की पुढचं काम अंतरच करतं.

आणि स्वस्ताईचं कारण कुणी सांगत नाही. माझा भाचा चिपळुणात घर शोधत होता. एका इमारतीतला 'पासून'वाला फ्लॅट खरंच उपलब्ध होता. २०२१ च्या जुलैत वाशिष्ठीचं पाणी तिथे किती चढलं होतं ते माहितीपत्रकात नव्हतं, विक्रीच्या माणसानेही सांगितलं नाही. रखवालदाराने हात डोक्याच्या वर नेऊन दाखवला. किंमत खरी होती, पण तिच्या मागचं कारण दडवलेलं होतं. अशा किमतीला दिशाभूल म्हणायचं नाही तर काय म्हणायचं? पूररेषेच्या आत असलेल्या घराच्या जाहिरातीत तसं लिहायला लावणं अजिबात अवघड नाही.

हा रोग आपल्याकडचाच नाही. ऑस्ट्रेलियात घरं मोठ्या प्रमाणावर लिलावाने विकली जातात. तिथे एजंट मुद्दाम कमी अंदाज सांगून गर्दी जमवतात. येणारा वकिलाचे, इमारत तपासणीचे पैसे खर्चून लिलावाला उभा राहतो, आणि मालकाची राखीव किंमत, म्हणजे ज्याखाली तो विकणारच नाही ती, त्या अंदाजाच्या कितीतरी वर असते. यावर तिथल्या व्हिक्टोरिया राज्याने २०१७ पासून एजंटावर बंधन घातलं: अंदाजाचा पट्टा १० टक्क्यांपेक्षा रुंद नको, शेजारच्या तीन तशाच घरांच्या झालेल्या विक्रीची माहिती सोबत द्यायची, मालकाने एखादी वरची लेखी ऑफर नाकारली तर जाहिरातीतला आकडा बदलायचा. नियम मोडला तर दंड, शिवाय कमिशनही जाऊ शकतं. आणि तिथे, तसंच न्यू साऊथ वेल्समध्येही, 'इतक्यापासून', 'इतक्याच्या वर' असली शब्दयोजना किमतीपुढे लावायलाच मनाई आहे. आपल्या महामार्गावरच्या निम्म्या पाट्या मेलबर्नमध्ये पहिल्या दिवशी उतरवाव्या लागल्या असत्या. एवढं करूनही तिथल्या तक्रारी थांबलेल्या नाहीत, कारण मालक राखीव किंमत शेवटच्या घटकेला ठरवतो आणि एजंट 'बाजार चढला' म्हणून हात वर करतो. नुसत्या अंदाजाला लगाम घालून भागत नाही, हा त्यातला आपल्या कामाचा भाग. त्याकडे पुढे येतो.

आपल्याकडे कायदा नाही असं मुळीच नाही. स्थावर संपदा कायदा २०१६ चा, त्याखालचं राज्याचं प्राधिकरण, महारेरा, २०१७ पासून सुरू. या कायद्याचं कलम १२ सांगतं की जाहिरातीतल्या चुकीच्या माहितीवर विसंबून ज्याने पैसे भरले आणि नुकसान सोसलं त्याला भरपाई मिळावी, आणि प्रकल्पातून बाहेर पडायचं असेल तर पैसे व्याजासह परत मिळावेत. कलम १३ म्हणतं, विक्री करार नोंदवल्याशिवाय १० टक्क्यांहून जास्त रक्कम घ्यायची नाही. ग्राहक संरक्षण कायद्याखाली २०२२ साली आलेल्या मार्गदर्शक सूचनांमध्ये गळाला लावणाऱ्या जाहिरातींवर स्वतंत्र अटी आहेत: सांगितलेल्या किमतीला माल विकण्याची वाजवी शक्यता नसेल तर ती किंमत सांगायची नाही, आणि पुरेसा साठा हवा. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये आणखी एक यादी निघाली. त्यात थेंबथेंब किंमत वाढवत नेणं, म्हणजे सुरुवातीला काही घटक दडवून शेवटी ते जोडणं, हे अनुचित ठरवलं गेलं. ग्राहक कायद्यातल्या 'सेवे'च्या व्याख्येत घरबांधणी आहे. विकसित केलेल्या भूखंडांची विक्रीही त्यात बसते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली स्पष्ट केलं आहे. म्हणजे विमानाच्या तिकिटाची थेंबथेंब वाढणारी किंमत रोखायला वापरायचं शस्त्र फ्लॅटसाठीही म्यानात पडलेलं आहे.

मग अडतं कुठे? तक्रार कोण करणार, इथे. महारेराकडे तक्रार नोंदवायचं शुल्क ५,००० रुपये आहे. खोट्या किमतीपायी ज्याचा एक रविवार आणि गाडीभाडं गेलं तो माणूस वर आणखी पाच हजार कशाला घालेल? आणि ज्याने टोकन भरलंय तो बिल्डरला दुखवायला घाबरतो, कारण पैसे त्याच्याकडे अडकलेत. प्रत्येकाचं नुकसान तक्रारीपुरतं मोठं नसतं, सगळ्यांचं मिळून मात्र प्रचंड असतं. अशा ठिकाणी प्राधिकरणाने आपणहून लक्ष घालायला हवं. ते घालता येतं, हे महारेराने दाखवलंही आहे. जाहिरातीत नोंदणी क्रमांक नाही, २०२३ च्या ऑगस्टपासून सक्तीचा केलेला क्यूआर कोड नाही, म्हणून स्वतःहून नोटिसा गेल्या, दंड झाले. फक्त तिथे तपासला जातो तो क्रमांक. क्रमांक खरा आणि शेजारची किंमत फसवी असेल तर ती जाहिरात आज बिनघोर चालते. क्यूआर कोड स्कॅन केला की प्रकल्पाची माहिती उघडते. त्याच पानावर प्रत्येक न विकलेल्या घराचा क्रमांक आणि त्याची एकूण किंमत असावी, आणि पाटीवरचा आकडा त्यातल्या एखाद्याशी जुळावा. बिल्डरकडे हा तक्ता असतोच. तो त्याच्या लॅपटॉपमधून महारेराच्या पानावर यायचा आहे, एवढंच.

हे झालं फ्लॅटचं. कोकणात खरा घोळ जमिनीचा आहे, आणि तिथे महारेराचं नावही क्वचितच निघतं. कायद्याने ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या जमिनीचे भूखंड पाडून विकायचे तर नोंदणी लागते. आपल्याकडे यूट्यूबवर ड्रोन उडवून, मागे बासरी लावून, दापोलीपासून देवगडपर्यंत गुंठे विकले जातात. गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. 'दोन लाखांपासून' हा आकडा उताराच्या तळाशी, पऱ्ह्याच्या कडेला असलेल्या तुकड्याचा. वरच्या सपाटीला दुप्पट. रस्त्यात जाणारी जागाही तुमच्याच क्षेत्रात मोजलेली. विजेचा खांब, विहीर, चिऱ्याचं कुंपण, सगळं वेगळं. 'बीच टच' म्हणून जी जागा विकतात तिथे तर बहुतेक ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटरच्या पट्ट्यात बाहेरून आलेल्या माणसाला नवं घर बांधताच येत नाही. शेतजमीन असेल तर ती घेणारा शेतकरी असावा लागतो. व्हिडिओतला माणूस म्हणतो, 'शेतकरी दाखल्याचं आपण बघून घेऊ.' जिथे घर होऊ शकत नाही त्या जागेला घराच्या जागेची किंमत लावणं, ही सगळ्यात मोठी दिशाभूल.

आणि सातबारा! आमच्याकडचा सातबारा म्हणजे घराण्याची वंशावळच. गट एक, नावं तीस-पस्तीस, त्यातली कितीतरी माणसं कधीच गेलेली, वारसनोंदी झालेल्या नाहीत. उरलेल्यांतले निम्मे मुंबईत. यातला एक सहहिस्सेदार, बहुधा ज्याला मुलीच्या लग्नाची घाई आहे तो, दलालाला भाव सांगतो. दलाल तो भाव जाहिरातीत टाकतो. गिऱ्हाईक येतं, विसार देतं, मग चुलतभावाचा फोन येतो: 'आमच्या हिश्श्याचं काय?' दुसरा म्हणतो त्याला इतक्यात द्यायचंच नाही, तिसऱ्याला जास्त हवेत. सह्या गोळा होता होता भाव दीडपट होतो, किंवा व्यवहार फिसकटतो आणि विसार परत मिळवायला चार वर्षं हेलपाटे. यात प्रत्येक वेळी कुणाची लबाडी असतेच असं नाही. पण ज्याला एकट्याला विकण्याचा अधिकार नाही त्याने सांगितलेला आकडा ही किंमत होत नाही. जाहिरातीत गट नंबर आणि सगळ्या हिस्सेदारांची लेखी संमती असल्याचा उल्लेख सक्तीचा केला तर या जाहिरातींतल्या अर्ध्या तरी गळतील. गळू देत.

आता दुसरी बाजू. दलाल म्हणतात, भाव आधीच पूर्ण सांगितला तर फोनच येत नाही, शेजारचा कमी सांगतो आणि गिऱ्हाईक त्याच्याकडे जातं. हे खोटं नाही. तळकोकणातला दलाल काही बंगलेवाला नसतो. सहा महिन्यांत एखादा व्यवहार, त्यावर एक-दोन टक्के. एकट्याने प्रामाणिक राहणं त्याला परवडत नाही. म्हणूनच नियम सगळ्यांना एकदम हवा. खरं बोलणाऱ्याचा धंदा बुडणार नाही याची हमी फक्त नियमच देऊ शकतो. दुसरा आक्षेप घासाघिशीचा: आपल्याकडे भाव ठरतो तो बोलून, छापून नाही. घासाघीस खुशाल करा. पूर्ण किमतीवरून खाली उतरण्याला कुणाचा विरोध नाही. इथे होतं ते उलटं. गिऱ्हाईक बोलायला बसतं आणि आकडा वर चढतो.

तिसरी गोष्ट मात्र आपल्या सगळ्यांच्या गळ्याशी येणारी आहे. खरी किंमत काय, हे सांगणारी नोंद आपल्याकडे आहे. प्रत्येक खरेदीखताची सूची क्रमांक दोन, म्हणजे आपला इंडेक्स टू, व्यवहाराचा नोंदलेला गोषवारा, नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर कुणालाही शोधता येते. व्हिक्टोरियाचा एजंट ज्या तीन शेजारच्या विक्री दाखवायला बांधील आहे, त्या आपल्याकडे दुय्यम निबंधकाच्या दप्तरात पडून आहेत. पण त्या खऱ्या असतात का? रेडी रेकनरपुरतं, म्हणजे मुद्रांकासाठी सरकारने ठरवलेल्या दरापुरतं, चेकने, बाकी रोख, ही कोकणातल्या जमिनीच्या व्यवहाराची रीतच होऊन बसली आहे. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २०,००० किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला आयकर कायद्याने २०१५ पासून मनाई आहे. तरी विकणारा कर वाचवतो, घेणारा मुद्रांक वाचवतो, आणि दोघं मिळून पुढच्या गिऱ्हाइकाची एकमेव मोजपट्टी मोडून ठेवतात. बिल्डरच्या पाटीला नावं ठेवणारे आपण स्वतःच्या खरेदीखतात अर्धी किंमत लिहितो, तेव्हा तीही दिशाभूलच असते. आणि पुन्हा मार कुणाला, तर कर्जावर घर घेणाऱ्याला: बँक करारातल्या आकड्यावर कर्ज देते, रोख भागावर नाही. नोकरदार माणूस या बाजारातून असाच बाहेर फेकला जातो.

याची उलटी बाजूही गावात दिसते. चिपीला २०२१ मध्ये विमानतळ सुरू झाला, पलीकडे गोव्यात मोपाचा आला, तिकडे अलिबागकडे २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला. प्रत्येक वेळी वाडीत एक आकडा फिरतो, 'अमक्याने गुंठा सातला दिला.' तसा व्यवहार झालेला असतो का, कुणी पाहिलेलं नसतं. पण त्यानंतर अख्ख्या वाडीची अपेक्षा सातवर जाऊन बसते, जमिनी विकल्याही जात नाहीत आणि गावातल्याच जोडप्याला घरापुरते दोन गुंठे मिळत नाहीत. कमी सांगून गिऱ्हाइकाला फसवणारा आकडा आणि जास्त ऐकून विकणाऱ्याला भुलवणारा आकडा, दोन्हींचं औषध एकच.

दुय्यम निबंधक कार्यालयाने दर तीन महिन्यांनी गावनिहाय तक्ता लावावा: नोंदलेले व्यवहार किती, क्षेत्र किती, बिनशेती की शेती, दर गुंठ्याला किंवा चौरस फुटाला नोंदलेली किंमत काय. नावं नकोत, गट नंबरही नकोत. तो कार्यालयाबाहेर फळ्यावर लागावा आणि ग्रामपंचायतीला जावा, म्हणजे ज्याला संकेतस्थळावर गावाचं नाव, मिळकत क्रमांक आणि कॅप्चा भरत बसता येत नाही त्यालाही तो वाचता येईल. सुरुवातीला त्यातले आकडे रेडी रेकनरला चिकटलेले दिसतील, हे मला कळतं. दिसू देत. नोंदलेला दर आणि पाटीवरचा दर शेजारी शेजारी वाचता आले की मधला फरक कुठे जातो, हा प्रश्न ग्रामसभेत कुणीतरी विचारणारच. सगळी माहिती खात्याच्या संगणकात आजही आहे. ती छापायला नवा कायदा लागत नाही, नोंदणी महानिरीक्षकांचं एक परिपत्रक पुरे.